प्लेटलेट साडेआठ लाख आणि राहून गेलेला इको

आर्णी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय. पत्र थोडं आटोपतं करून देतोय.

«डॉक्टर साहेब, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १२ किलो. दसऱ्यानंतर त्याला ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, मग रक्तात टायफॉईडचे अंश निघाले म्हणून इंजेक्शनं झाली. ताप उतरेना. डोळे लालभडक, ओठ फुटून रक्त येई, अंगावर पुरळ. सासूबाई म्हणाल्या, गोवर आहे. आठव्या दिवशी नागपूरला नेलं. तिथे कावासाकी सांगितलं. सासरे म्हणाले, हे तं गाडीचं नाव हाय. नवव्या दिवशी रात्रभर एक महागडी सलाईन लावली आणि दुसऱ्या दिवशी ताप गेला. तेव्हाच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘एलएडी झेड स्कोअर २.३’ लिहिलंय. तिसऱ्या आठवड्यात एकदा आणि सहाव्या आठवड्यात एकदा इको करायला सांगितला होता.

तिसऱ्या आठवड्यात जाणं झालं नाही. कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि पोरगा तर खेळतोय. म्हणून जवळच्या लॅबमध्ये रक्त तेवढं तपासून घेतलं. सीआरपी ४, ईएसआर ९२, प्लेटलेट ८ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन ९.१. नागपूरला सीआरपी १४.८ होता, म्हणजे फार काही उतरला नाही असं मला वाटतं. पण लॅबवाले म्हणतात ४ म्हणजे नॉर्मल, ईएसआर मात्र जास्त आहे, कुठेतरी इन्फेक्शन राहिलंय, अँटिबायोटिक सुरू करा. घरचे म्हणतात, पेशी साडेआठ लाख, मग कशाची काळजी? मेडिकलवाला म्हणतो, ॲस्पिरिन म्हाताऱ्यांची गोळी आहे. सासूबाई म्हणतात, ‘लेकराले रक्त पातय करायची गोयी कायले देता?’ नागपूरच्या फाईलमध्ये एनटी-प्रोबीएनपी १,२४० लिहिलंय. मोबाईलवर शोधलं तर हार्ट फेल दाखवतं. मला रात्री झोप नाही. रक्त नॉर्मल येत असेल तर इको केलाच पाहिजे का? आज ताप आल्यापासून पंचविसावा दिवस आहे. बोटांची सालंही निघताहेत.»

ताई,

इको करायचाच आहे, आणि याच आठवड्यात. सहाव्या आठवड्याची तारीख वेगळी, तीही नंतर पाळायची. ॲस्पिरिन बंद करायची नाही. अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबलं की वाचणाऱ्याला मधलंच काहीतरी लक्षात राहतं. दवाखान्यातून मिळालेल्या सुट्टीच्या कार्डावर फोन नंबर असेल तिथे आजच लावा आणि सांगा: पंचविसावा दिवस आहे, दुसरा इको झालेला नाही, प्लेटलेट ८ लाख ४० हजार आहेत. कोणी रागावलं तर ऐकून घ्या.

तुम्ही रक्त तपासून घेतलंत त्याबद्दल मी बोलणार नाही. वेचणीच्या दिवसांत घरातलं एक माणूस दिवसभरासाठी नागपूरला जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. चूक एवढीच झाली, की इकोच्या जागी रक्त आलं. या आजारात रक्त एका प्रश्नाचं उत्तर देतं आणि इको दुसऱ्याच प्रश्नाचं.

जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला आग लागलेली तुम्ही पाहिली असेल, निदान ऐकली तरी असेल. जाळ दिसत नाही, नुसता धूर. पाणी मारलं, धूर थांबला, तरी जुना माणूस लगेच घरी जात नाही. ढीग उपसून आत हात घालून बघतो, आणि मागची भिंत तापून तडकली का तेही बघतो. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, हा धूर. धूर थांबला ही चांगलीच गोष्ट. पण भिंतीचं काय झालं ते धुरावरून कळत नाही.

इथे भिंत म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नसांची, कोरोनरींची. कावासाकीत अंगभर मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. शरीराचीच प्रतिकारशक्ती बिथरून त्यांच्या भिंतीवर चालून जाते. कशामुळे, ते जगात अजून कोणाला नक्की सांगता आलेलं नाही. तेव्हा तुम्ही काय खाऊ घातलं, कोणाच्या घरी नेलं, हे मनातून काढून टाका. एकापासून दुसऱ्याला हा आजार होतही नाही. डोळे, ओठ, पुरळ, हातापायांची सूज हे सगळं त्याच सुजेचं बाहेरून दिसणारं रूप. ते ओसरतं. कोरोनरीची भिंत मात्र कधी कधी सुजेत पोखरली जाऊन फुगते. साडेतीन वर्षांच्या लेकराची ही नस साधारण दोन मिलिमीटर रुंद असते, ज्वारीच्या दाण्याच्या जेमतेम अर्धी. वाईट केसमध्ये तीच फुगून आठ मिलिमीटरच्या वर, गावरान हरभऱ्याच्या दाण्याएवढी होते. आणि हे होताना पोरगा खेळत असतो, जेवत असतो.

ताप गेला म्हणजे आजार गेला, हा समज खुद्द जपानमध्येही होता. टोकियोच्या रेडक्रॉस दवाखान्यात डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये अशा तापाचा चार वर्षांचा पहिला मुलगा पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद छापली. (सासऱ्यांना सांगा, गाडीशी याचा संबंध नाही, हे डॉक्टरांचं आडनाव.) तेव्हा वाटलं होतं, आजार आपोआप बरा होणारा आहे. मग १९७० मध्ये देशभर पाहणी झाली, तेव्हा बरी होऊन घरी गेलेली १० मुलं अचानक दगावल्याचं पुढे आलं. शवविच्छेदनात त्यांच्या कोरोनरी फुगलेल्या आणि आत गुठळ्या झालेल्या होत्या. ही सगळी ‘खेळत असलेली’ मुलं होती. तुमच्या कार्डावर इकोच्या तारखा लिहिल्या गेल्या त्या या अनुभवातून.

आता तुमचे आकडे एकेक घेऊ.

सीआरपी आधी, कारण तिथे तुमची गफलत झालीय आणि ती तुमची चूक नाही. नागपूरच्या कागदावर १४.८ च्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. बहुतेक ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ असेल. गावच्या लॅबच्या ४ पुढे ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’. या दोन मापांत दहापट फरक आहे. शेर आणि पायली एकाच खात्यात मांडल्यासारखं. एका मापात आणलं तर तुमच्या मुलाचा सीआरपी १४८ वरून ४ वर आलाय. म्हणजे उतरला म्हणण्यापेक्षा पार विझला. सलाईननं काम केलं. (मी स्वतः उलट्या बाजूनं या फरकाला फसलेलो आहे. ९ बघून निश्चिंत झालो आणि ते निघाले डेसिलिटरचे. तेव्हापासून आकड्याआधी माप वाचतो.)

ईएसआर ९२. ही गोष्ट लॅबवाल्यांनाच नाही, कितीतरी डॉक्टरांनाही चकवते. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवलं तर लाल पेशी एका तासात किती खाली बसतात त्याचं माप. तुमच्या मुलाला जी महागडी सलाईन लावली ती इम्युनोग्लोब्युलिनची. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रथिनं. डोस किलोला दोन ग्रॅम, म्हणजे १२ किलोला २४ ग्रॅम, पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. एवढी प्रथिनं रक्तात उतरली की लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. आजार असो नसो, ईएसआर वाढलेलाच दिसणार. ही प्रथिनं अंगात निम्मी व्हायलाच तीनेक आठवडे लागतात. म्हणून ही सलाईन दिल्यावर ईएसआरवरून आजार मोजायचाच नाही, सीआरपीवरून मोजायचा. ९२ वर अँटिबायोटिक देणं म्हणजे सलाईनलाच औषध देणं झालं.

तसं ‘टायफॉईडच्या अंशां’चंही आहे. आपल्या भागात विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, केली की कितीतरी धडधाकट माणसांतही काहीतरी निघतं. त्या एका कागदानं या आजारातले मोलाचे चार दिवस खाल्लेले मी अनेकदा पाहिलेत. पण ते आता झालं गेलं. तुम्ही आठव्या दिवशी पोचलात आणि सलाईन दहा दिवसांच्या आत गेली. उपचार नाही झाला तर चारांतल्या एका मुलाची कोरोनरी फुगते. वेळेत झाला तर शंभरांत चारेक मुलांची.

आता प्लेटलेट. इथे घरच्यांशी तुमची खरी लढाई आहे. विदर्भात प्रत्येक घराला ‘पेशी’ माहीत झाल्या त्या डेंग्यूनं. पेशी उतरल्या की घाबरायचं, चढल्या की पेढे वाटायचे, पपईच्या पाल्याचा रस पाजायचा. त्यामुळे साडेआठ लाख ऐकून ‘वाढल्या तं चांगलंच हाय ना’ असं म्हणणारच कोणीही. कावासाकीत हिशोब उलटा आहे. पहिल्या आठवड्यात प्लेटलेट नेहमीसारख्याच असतात. दुसऱ्या आठवड्यात चढायला लागतात, तिसऱ्यात शिखर गाठतात, सात-आठ लाख, कधी दहा लाखांच्याही वर, आणि सहा-आठ आठवड्यांत आपोआप खाली येतात. सुजेमुळे यकृत आणि हाडांतल्या मगजाला ‘वाढवा’ असा निरोप जातो आणि तो निरोप सूज उतरल्यावरही काही दिवस चालू राहतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या ८ लाख ४० हजार या आजाराच्या वेळापत्रकाबरहुकूम आहेत. नवीन संकट नाही, आणि तब्येतीची पावतीही नाही. पपईचा रस मात्र कृपा करून नको.

पण हे वेळापत्रक दुसऱ्या एका वेळापत्रकावर येऊन बसतं. ज्या मुलांच्या कोरोनरी फुगतात त्यांच्या त्या साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत फुगत जातात. म्हणजे नस रुंद होऊन रक्ताचा वेग मंदावलेला, भिंतीचं आतलं अस्तर सोललेलं, आणि नेमक्या त्याच दिवसांत रक्तात गुठळी करणाऱ्या पेशी दुप्पट. ताप सुरू झाल्यापासून १५ ते ४५ दिवस हा सगळ्यात जपण्याचा काळ म्हणतात तो यामुळे. तुम्ही आज पंचविसाव्या दिवशी आहात. म्हणून मी सहाव्या आठवड्यापर्यंत थांबा म्हणत नाही.

‘एलएडी झेड स्कोअर २.३’ म्हणजे काय, तेही समजून घ्या. एलएडी ही कोरोनरींपैकीच एक नस. मुलाच्या उंची-वजनाच्या मानानं नस जेवढी असायला हवी तिच्यापेक्षा ती किती रुंद, याचं ते माप आहे. २ पर्यंत ठीक. २ ते २.५ म्हणजे किंचित रुंद. २.५ च्या पुढे लहान फुगा, ५ पासून मध्यम, आणि १० च्या पुढे किंवा ८ मिलिमीटरच्या पुढे मोठा. तुमचा मुलगा २.३ वर आहे. या गटातल्या बहुतेक मुलांच्या नसा दीड-दोन महिन्यांत मूळ मापावर येतात, आणि तुमच्याही मुलाचं तसंच होईल अशी माझी अपेक्षा आहे. पण मापून बघितल्याशिवाय अपेक्षेवर गोळी चालू ठेवायची की वाढवायची की बंद करायची, हे ठरत नाही. तो २.३ नवव्या दिवसाचा आहे. आज किती, ते सीआरपी ४ सांगत नाही, प्लेटलेट सांगत नाहीत, मीही इथे बसून सांगू शकत नाही.

प्रोबीएनपीवरून मोबाईलनं तुम्हाला उगाच घाबरवलं. हृदयाचा स्नायू ताणला गेला की हा पदार्थ रक्तात वाढतो. म्हाताऱ्या माणसात तो हृदय थकल्याची खूण असतो, आणि मोबाईल तेच दाखवतो. कावासाकीत तापाच्या दिवसांत हृदयाच्या स्नायूलाही थोडी सूज असते, म्हणून आकडा चढतो. डॉक्टरांना तो निदानाला मदत करतो, विशेषतः लक्षणं अर्धवट असतात तेव्हा. सूज गेली की तोही उतरतो. हे नुकसान नसांच्या फुग्यापेक्षा वेगळं, आणि बहुतेक वेळा मागे काही न ठेवता भरून येतं.

हिमोग्लोबिन ९.१ मला या सगळ्या आकड्यांत थोडं खुपतं. सुजेत ते उतरतं, हे खरं. पण दोन गोष्टी इकोच्या फेरीतच विचारा. मुलाचा रक्तगट ए, बी किंवा एबी असेल तर या सलाईननं क्वचित लाल पेशी फुटतात, म्हणून सुट्टीच्या वेळी हिमोग्लोबिन किती होतं ते कार्डावर बघा. आणि आपण विदर्भात राहतो, तेव्हा सिकलसेलची (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. लोहाचं औषध स्वतःहून सुरू करू नका.

आता ॲस्पिरिन आणि सासूबाई. त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणजे त्यांची शंका. लहान मुलाला ही गोळी एरवी देतच नाहीत. मेडिकलवालाही खोटं बोलत नाही. पण इथे ती तापासाठी नाही, प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आहे. डोस किलोला तीन ते पाच मिलिग्रॅम. तुमच्या कार्डावर ७५ ची अर्धी गोळी असेल, म्हणजे साडेसदतीस मिलिग्रॅम. १२ किलोला ते बरोबर बसतं. जेवणानंतर द्या. कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आणि बंद कधी करायची ते इको बघूनच. सासूबाईंना सांगा, बांध फुटलेल्या ठिकाणी गाळ साचू नये म्हणून ही गोळी आहे. त्यांनी वावर पाहिलंय, त्यांना कळेल.

ही गोळी चालू असताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली: ताप किंवा अंगदुखीला आयब्युप्रोफेनचं सिरप नको. ते ॲस्पिरिनचं काम अडवतं. मेडिकलमध्ये ‘ताप लवकर उतरतो’ म्हणून जे मिश्र सिरप देतात त्यात पॅरासिटामॉलबरोबर बहुतेक तेच असतं. बाटलीवर नुसतं पॅरासिटामॉल लिहिलेलं असेल तेवढंच घ्या. दुसरी: डेंग्यूचे दिवस अजून सरलेले नाहीत. पुन्हा ताप आला तर कोणत्याही डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य ‘याला ॲस्पिरिन चालू आहे आणि कावासाकी झाला होता’ हेच असू द्या. डेंग्यूत ही गोळी रक्तस्राव वाढवते. काळी शी किंवा न थांबणारं नाकातलं रक्त दिसलं तरी लगेच दाखवा. तिसरी: घरात, शेजारी किंवा अंगणवाडीत कोणाला कांजिण्या निघाल्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. या दोन आजारांत ॲस्पिरिन चालू असेल तर क्वचित यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होतो. म्हणूनच घरच्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर बरं.

बोटांच्या सालांबद्दल तुम्ही शेवटी सहज लिहिलंत. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. सोळा वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी नवा होतो. दोन वर्षांच्या एका मुलीला सहा दिवस ताप, पुरळ, लाल डोळे, मानेत गाठ. त्या पावसाळ्यात आमच्याकडे स्क्रब टायफसचे (बारीक किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापाचे) पेशंट येत होते, मी त्याच धाग्यावर औषध दिलं. अकराव्या-बाराव्या दिवशी ताप गेला. प्लेटलेट नऊ लाख आल्या, आणि मीसुद्धा ‘छान’ म्हणालो. पाठ वळवून निघालेली आई दारातून परत आली. ‘साहेब, पोरीचे बोटं सोलून राह्यले जी.’ मी हात हातात घेतला. नखाच्या अगदी कडेपासून कातडी सुटली होती, भिजलेल्या कागदासारखी पांढरी, आणि टोकापासून पहिल्या पेराकडे सरकत होती. खाली नवी गुलाबी कातडी. मुलगी रडत नव्हती, ती स्वतःच एक पापुद्रा ओढून बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जुळलं. इकोत दोन्ही कोरोनरी फुगलेल्या निघाल्या. ती पोरगी आज कॉलेजात जाते आणि ॲस्पिरिन अजून चालू आहे. तिच्या आईनं मला कधी बोल लावला नाही. तो मी माझा ठेवलाय.

तुमच्या मुलाची सालं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघायचीच असतात. दुखत नाहीत. ओढू देऊ नका, खोबरेल तेल लावा, बस्स.

इकोची तयारी करून जा, नाहीतर फेरी फुकट जाते. रडणाऱ्या, हात झाडणाऱ्या मुलाची दोन मिलिमीटरची नस मशीनवर नीट मापता येत नाही. नागपूरच हवं असं नाही. यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी इथे मेडिकल कॉलेजं आहेत. फोनवर दोन प्रश्न विचारा: लहान मुलाच्या कोरोनरीचं माप झेड स्कोअरसकट लिहून देता का? आणि झोपेचं सिरप देणार असाल तर किती तास उपाशी आणू? त्या रात्री त्याला उशिरा झोपवा, पहाटेच्या गाडीत झोपू देऊ नका. तिथे पोचेपर्यंत पेंगुळला पाहिजे. मागचा इकोचा कागद मूळ घेऊन जा, कारण तुलना त्याच्याशी करायचीय. खर्चाचं म्हणाल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना विचारा, आणि मोठ्या दवाखान्यात जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला शोधा. रेशनकार्ड बरोबर असू द्या.

जाईपर्यंत, आणि नंतरही, हे दिसलं तर वेचणी सोडून १०८ ला फोन: एकाएकी पांढरा पडून घामानं भिजला, विनाकारण उलट्या आणि पोट धरून किंकाळ्या, श्वास लागला, गळून पडला. एवढ्या लहान मुलाला छातीत दुखतंय हे सांगता येत नाही, तो पोटच दाखवतो. आणि पाच दिवसांचा तसलाच ताप पुन्हा कधी आला तर कावासाकीचं नाव तुम्हीच आधी घ्या. जपानमधल्या नोंदींत शंभरांत तिघांच्या आसपास मुलांना तो परत झालेला आहे.

आणखी एक, लसीचं. या सलाईननंतर अकरा महिने गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस द्यायची नाही, दिली तरी लागू होत नाही. गावात मोहीम आली तर आशाताईंना सुट्टीचं कार्ड दाखवा. पोलिओचे थेंब चालतात.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं आत्ता वाचलं, की शेजारच्या कोणी ‘कावासाकी म्हणजे काविळीचाच प्रकार’ सांगून माळ घालायला नेलं होतं. फाईलमध्ये एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलेला असेल, त्यानं गोंधळ झाला असावा. यकृतालाही या तापात थोडी सूज येते, ती कावीळ नव्हे. माळेनं काही बिघडत नाही, राहू द्या गळ्यात. पण मुळी उगाळून पाजू नका, आणि इकोच्या टेबलावर माळ काढून ठेवा.

रिपोर्ट आला की एलएडीच्या ओळीचा फोटो पाठवा, झेड स्कोअर नीट वाचता येईल असा.